खिळ्यांविना घर

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ते सासरी झालं तर लोक माहेरच्यांना विचारतात, तुमच्याकडे काय चूल नाही पेटत? ताईला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा आमची चूल पेटत होती, पण ती परळच्या चाळीतल्या एका खोलीत. त्या खोलीत आम्ही होतो, काका होते, आणि गावाहून गिरणीत कामाला आलेली माणसं होती. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपत, दिवसपाळीची रात्री. आईला अंघोळ करायची तरी मोरीला लुगडं आडवं लावावं लागे. तिथे बाळंतिणीची बाज कुठे टाकणार? गावचं घर चुलत्यांच्या वाटणीत अडकलं होतं, आणि गरोदर पोरीला बोटीने तळकोकणात न्यायला आई तयार नव्हती.

म्हणून बाबांनी घाटकोपरला घर उभं करायचं ठरवलं. मी आता कॉलेजात जाते. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गातल्या मुली आपापल्या घरांबद्दल बोलतात तेव्हा मी गप्प असते. लाज वाटते म्हणून नाही. आमचं घर कसं उभं राहिलं हे सांगायचं तर ताईबद्दल सांगावं लागतं, आणि ते मला बोलून जमत नाही. लिहून जमेल का, तेही ठाऊक नाही.

जागा डोंगराच्या पायथ्याशी होती. बाबांच्या गिरणीतल्या एका सोबत्याने आधीच तिथे झोपडी घातली होती, त्याच्याच ओळखीने मिळाली. आजूबाजूला करवंदीच्या जाळ्या आणि खाली जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती लोकांच्या भाजीच्या वाड्या. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करत. पाळी सुटली की घरी यायच्या आधी कुठे काय मोडतंय, कुठे काय फेकलं जातंय ते बघत फिरत. लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी तेव्हा ठिकठिकाणी मोडत होत्या, तिथून वासे आले. गोदीत यंत्रं ज्या खोक्यांतून उतरत त्या खोक्यांच्या फळ्या आल्या. रस्त्याच्या कामावरची डांबराची रिकामी पिंपं बाबांनी आणि काकांनी उभी चिरली, दगडांनी ठोकून सपाट केली, आणि छपराला पत्रे झाले. एक जुना बंगला पाडत होते, तिथून झिलमिलीची खिडकी मिळाली. तिच्या दोन पट्ट्या गेलेल्या होत्या. बाबा ती डोक्यावर घेऊन आले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, "बघ, साहेबाची खिडकी."

"साहेब बसलाय काय आत?" आई म्हणाली.

"साहेब गेला विलायतेला. वारा ठेवून गेलाय."

मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत होते. खोक्यांच्या फळ्यांवर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं छापलेली असत. बाबा मला ती वाचायला लावत. एका फळीवर 'ही बाजू वर' असं लिहिलेलं होतं आणि ती आडवी लागली. मी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "राहू दे. घर वाचत नाही."

खाली वाडीत एक म्हातारी ख्रिस्ती बाई राहायची. तिला सगळे मावशी म्हणत. ती आमचं सामान येताना रोज बघायची आणि हसायची. "काय गो, मुंबईचा सगला कचरा तुमच्याच घरी?" पण एके दिवशी तिनेच आपल्या पडक्या गोठ्याचं दार नातवाच्या डोक्यावर देऊन पाठवलं. दार चांगलं सागवानी होतं. खालच्या बाजूला गाईने शिंगं घासल्याच्या खुणा होत्या. बिजागऱ्या गंजून गेल्या होत्या, म्हणून बाबांनी गिरणीतल्या टाकून दिलेल्या चामडी पट्ट्याचे तुकडे लावायचं ठरवलं.

आणि इथेच आमचं घर इतरांच्या घरांपेक्षा वेगळं झालं. चामडं दाराला लावायचं म्हणजे खिळा मारायला हवा. बाबांनी हातोडी घेतली तशी आईने त्यांचं मनगट धरलं.

"खिळो नाय मारायचो."

घरात पोटुशी बाई असताना बांधकाम काढू नये, लाकडात खिळा ठोकू नये, असं आमच्याकडे मानतात. खिळा लाकडात जातो आणि घाव पोटातल्या जिवाला लागतो. आईने बाबांना जागा घेऊ दिली होती, खांब पुरू दिले होते, कारण त्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण खिळा नाही.

"ती इथं कुठाय? ती दादरला, आपल्या सासरी," बाबा म्हणाले.

"घर कोणासाठी बांधताय?"

"तिच्यासाठी."

"मग ती इथंच आहे."

बाबांनी हातोडी खाली ठेवली. माझ्या बाबांचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. पण आईची दोन मुलं लहानपणीच गेली होती, ताईच्या आणि माझ्या मधली. त्यानंतर आई जे म्हणेल ते बाबा मानत आले होते.

तर घर काथ्याने बांधलं. नारळाच्या काथ्याची दोरी भिजवायची, खांबाला फळी लावायची, फळीला सळईने भोक पाडायचं, दोरी ओवायची आणि पायाने रेटून आवळायची. दोरी वाळली की आणखी घट्ट बसते. जिथे जोर जास्त यायचा तिथे खोक्यांवरची लोखंडी पट्टी गुंडाळायची. भोक पाडायला सळई तापवून घ्यायची, कारण ठोकायचं नव्हतं. फळीतून धूर निघे आणि जळक्या लाकडाचा वास माझ्या शाळेच्या कपड्यांना लागे. काका म्हणत, "दादा, तू घर बांधतोयस की होडी?" खरोखरच गावाला होड्यांच्या फळ्या अशाच शिवतात. बाबांनी ते तिथेच पाहिलेलं असणार.

खोक्यांचा एकही खिळा मात्र बाबांनी फेकला नाही. उपटून काढायचे, घरापासून लांब चिंचेखालच्या दगडावर ठोकून सरळ करायचे आणि घासलेटच्या डब्यात साठवायचे. दगडावर ठोकायला आईची हरकत नव्हती. "मोकळी झाली की एका रविवारात सगळं पक्कं करतो," बाबा म्हणायचे. डबा हळूहळू जड होत होता.

छप्पर चढल्यावर आम्ही चाळीतून तिथे राहायला आलो, आणि आतली अर्धी जागा आईने ताईसाठी राखली. गोणपाटाचा पडदा, त्याला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. पत्रे तापतील म्हणून वर नारळाच्या झावळ्या. मावशीने मोडक्या पायाची खाट दिली, तिला विटांचा आधार दिला. जमीन आईने आणि मी चोपली, सारवली. जुन्या मऊ लुगड्यांची बाळोती फाडून, धुऊन, घड्या घालून ठेवली. झबली मी शिवली. गिरणीतल्या मलमलीच्या तुकड्यांची, टाके बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे बाळाला टोचायचे नाहीत.

सातव्या महिन्यात आई ताईला आणायला दादरला गेली. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आधी जागा बघते, मग पाठवते." त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. ताईचे यजमान एकुलते होते, आणि घरात पहिलंच मूल येणार होतं.

एका रविवारी त्या आल्या. बरोबर भावोजी होते आणि ताईही होती. ताईला मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. चेहरा भरला होता, पावलं सुजली होती. ती आत गेली आणि सरळ खाटेवर आडवी झाली.

"ए, इथून डोंगर दिसतो गं!"

"खिडकी साहेबाची आहे," मी म्हटलं.

"आणि मी कोण?"

"तू मडमीण."

ती पोट धरून हसली. "हसवू नकोस गं, लाथा मारतंय." मग माझा हात ओढून तिने पोटावर ठेवला. आतून काहीतरी सरकलं. मी हात मागे घेतला तर तिने पुन्हा ओढला. "घाबरतेस काय? तुझंच भाचरू आहे." उशाला ठेवलेली झबली तिने एकेक उलगडून पाहिली. "मी इथेच येणार," ती म्हणाली. "तिकडे रात्री पाणी मागायलाही लाज वाटते मला."

बाहेर आई चहा करत होती. सासूबाई घराभोवती फिरून आल्या. फळ्या पाहिल्या, दार पाहिलं. मग आत येऊन त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि जरा दाबलं. सगळी भिंत हलली. काथ्या करकरला आणि छपरावरून झावळीचा कचरा खाली पडला.

"हे हलतंय."

"खिळे मारलेले नाहीत म्हणून," बाबा घाईने म्हणाले. त्यांनी डबा उचलून दाखवला. "हे बघा, आहेत सगळे. ही पोटुशी आहे ना, म्हणून नाही मारले. मोकळी झाली की मारणार."

सासूबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "म्हणजे माझ्या सुनेनं मोकळी होईपर्यंत या हलत्या घरात राहायचं? आणि ती मोकळी झाली की तुम्ही ते पक्कं करणार?"

बाबांनी डबा खाली ठेवला. आईने पदर तोंडाला लावला. सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, उलट जरा खाली आला. "तुम्ही रीत पाळलीत, चांगलं केलंत. मीही पाळते. पण वारा सुटला तर हे मांडवासारखं उडून जाईल. मला धीर होत नाही, विहीणबाई."

ताई खाटेवरून उठली. तिने काही म्हटलं नाही, कारण अशा वेळी सुनेने बोलायचं नसतं. चहा पिऊन ते तिघं गेले. उतारावरून जाताना भावोजींनी ताईचा हात धरला होता.

ते दिसेनासे झाल्यावर बाबांनी डबा जमिनीवर उपडा केला. "आज मारतो सगळे. पुढच्या रविवारी त्यांना पुन्हा बोलावतो. हत्ती टेकला तरी हलणार नाही."

आई दारातल्या खांबाला पाठ लावून बसली. "मारायचे तर माझ्या कपाळात मारा."

"तुला पोरगी घरी यायला हवी ना?"

"हवी. जिवंत पोर घेऊन हवी."

"आणि खिळ्याविना ती येत नाही, हे दिसतंय ना तुला?"

"दिसतंय," आई म्हणाली आणि रडायला लागली. पण खांबापासून उठली नाही.

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले. मला वाटत होतं त्यांनी मारावेत. आणि मारले, आणि काही झालं, तर? हेही वाटत होतं. शाळेत विज्ञान शिकत होते मी. खिळ्याचा घाव पोटाला लागत नाही हे मला माहीत होतं. तरी मी आईला तसं म्हटलं नाही. माझ्याजवळचं ज्ञान आईच्या दोन मुलांपुढे ठेवण्याइतकं मोठं नव्हतं. शेवटी बाबांनी खिळे गोळा करून डब्यात भरले.

त्यानंतर त्यांनी घराला आणखी दोऱ्या आवळल्या. चारी कोपऱ्यांना तिरके वासे दिले, बाहेरून दगड रचले. भिंत आता कमी हलत होती. बाबा दादरला जाऊन आले. सासूबाई म्हणाल्या, "आता दिवस भरत आले, आता हलवायचं नाही." बाबा एकटेच परत आले.

चैत्रात ताई सासरीच बाळंत झाली. गिरणीच्या दारावर भावोजी येऊन उभे राहिले तेव्हाच काहीतरी वाईट झाल्याचं बाबांना कळलं. आनंदाची बातमी असती तर ते पेढे घेऊन घरी आले असते. मूल एक दिवस होतं. मग गेलं. श्वास नीट घेत नव्हतं, असं सुईण म्हणाली. ताई बरी होती.

बाबा घरी आले आणि त्यांनी हे सगळं आईला सांगितलं. आई म्हणाली, "आपण तर एकही मारला नव्हता." बाबांनी मान हलवली. त्या दोघांनी एकमेकांना कधी दोष दिल्याचं मी ऐकलं नाही. दिला असता तर कदाचित बरं झालं असतं. खिळे मारले असते तर ती इथे आली असती, आणि इथे आली असती तर? हा प्रश्न बाबांच्या चेहऱ्यावर मी अजूनही कधी कधी पाहते. त्याला उत्तर नाही, आणि ते कुणाला विचारतही नाहीत.

बारा दिवस झाल्यावर आई दादरला गेली. "आता कशाला नेता?" सासूबाई म्हणाल्या. "बाळंतपण कुणाचं करणार?"

"पोर नाय म्हणून अंग काय बाळंतिणीचं नाय?" आई म्हणाली. हे मला ताईने नंतर सांगितलं. सासूबाईंनी मग स्वतःच तिची पिशवी भरून दिली. या वेळी घर बघायला कुणी आलं नाही. भिंतीला हात लावून कुणी पाहिलं नाही.

आईने बाळंतपण केलं. सगळं, जसं करायचं तसं. सकाळी तेल, कढत पाण्याची अंघोळ, मग खाटेखाली शेगडी आणि तिच्यावर ओवा, शेपा, वावडिंगाची धुरी. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची पातळ भाकरी. डोक्याला फडकं बांधलेलं, कानांत कापूस. चैत्राच्या उकाड्यात ताई त्या धुरात पडून असे आणि हूं का चूं करत नसे. बाळोत्यांची चळत आईने मी शाळेत असताना कुठेतरी हलवली होती. कुठे, ते मी विचारलं नाही.

एकच गोष्ट आईला आवरता येत नव्हती. ताईला दूध येत होतं. पोलकं भिजे, ती बदले, पुन्हा भिजे. ताप चढला. आईने बाबांना बाहेर गाठून हळूच सांगितलं, मोगऱ्याची फुलं हवीत, पुष्कळ. बाबांनी 'कशाला' असं विचारलं नाही. त्यांनी आयुष्यात कधी फुलं आणली नव्हती. आई त्यांना चिडवायची, की लग्नातल्या मुंडावळ्यांनंतर यांनी फूल पाहिलं नाही. त्या संध्याकाळी ते स्टेशनाजवळून मोगऱ्याचे गजरे घेऊन आले, केळीच्या पानात बांधून, दोन्ही हातांत धरून. आईने गजरे सोडवले, फुलं फडक्यात पसरली आणि ताईच्या छातीवर ते घट्ट बांधलं. दूध आटायला तसं करतात. मी दिवा धरला होता. त्या धुराच्या खोलीत मोगऱ्याचा वास इतका दाटला की ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

पडून पडून ताई एकदा म्हणाली, "बाबा, घर करकरतं."

"काथ्या आहे," बाबा म्हणाले. आईने खिळ्यांचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. "आता मारा." पण बाबांनी मारले नाहीत. "ती झोपते दिवसाची. दणके बसतील तिला." ती सासरी परत गेल्यावर त्यांनी ते मारले, एका रविवारात, म्हणाले होते तसे.

त्याच्या आधी, ताई आमच्याकडे असतानाच, मावशी आली. ती महिनाभर वसईला लेकीकडे गेलेली होती. परत आली तशी वाडीतूनच तिला धुरीचा वास आला असणार. पदराखाली दोन अंडी आणि शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन ती चढ चढून वर आली. मी दारात शेगडीला वारा घालत होते.

"झाली ना मोकली?" ती लांबूनच ओरडली. "मना वास आला खाली. काय झालं गो बाय, सोकरा का सोकरी?"

मी उठून उभी राहिले. आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं. बाबा चिंचेखाली बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मावशी आमच्या तोंडांकडे पाहत राहिली आणि तिला कळलं. तिने छातीवर क्रूस केला.

तेव्हा आतून ताई बोलली.

"मुलगी होती, मावशी."

मला हे माहीत नव्हतं. आईला ठाऊक असेल, ती दादरला जाऊन आली होती. पण तिने आम्हाला सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. 'मूल' गेलं एवढंच आमच्या घरात म्हणत होते.

मावशी गोणपाटाचा पडदा सारून आत गेली आणि खाटेच्या कडेला बसली. विटांवरची खाट जरा कलली. अंडी अजून तिच्या हातातच होती. "कोणासारखी होती गो?" तिने विचारलं. अगदी साधं, जसं कुणाचंही बाळ पाहायला गेल्यावर विचारतात तसं.

ताई म्हणाली, "केस होते तिला. भरपूर. कानांवर आलेले." आणि मग ती बोलत राहिली. बोटं कशी होती, रडली तेव्हा आवाज कसा बारीक आला, सासूबाईंनी तिला कुशीत कसं धरलं होतं आणि त्याही रडत होत्या. आई उठून पडद्याजवळ गेली आणि तिथेच खाली बसली. मी शेगडीजवळ परत बसले. निखारे विझत आले होते, म्हणून वारा घालत राहिले, आणि ऐकत राहिले.